विहीर आटली, उत्पन्न वाढले

१/
फेब्रुवारी १७६०. उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमवले. या लढाईवर आपण कितीतरी धागे वाचले असतील. इब्राहिमखान गारदी, तोफखाना, वेढा, सारे आपल्याला पाठ असते. तहाच्या कलमांपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. त्या तहाने पेशव्यांकडे सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आला, असे आपण सहज लिहून जातो. येथे क्षणभर थांबावे. मुलूख मोजला गेला तो कशात? नद्या, कुरणे, माणसे, जनावरे यांची गणती त्यात नाही. वसूल किती येईल, एवढेच त्यात आहे.

२/
सत्तेला जे वसूल करता येते ते ती मोजते. आणि जे मोजले जाते तेवढेच तिला दिसते. आज जहागिरी नाहीत, निजाम नाही, पेशवे नाहीत. वही मात्र बरीचशी तीच राहिली आहे, फक्त तिचे नाव बदलून 'सकल उत्पन्न' झाले. या धाग्याचे म्हणणे एवढेच की मराठवाड्याचा दुष्काळ, त्याची विषमता आणि त्याचे बिघडलेले ऋतुमान यांचे मूळ शोधताना आकाशाइतकेच या वहीकडेही पाहिले पाहिजे. त्यासाठी उदगीरच्या शेजारी, देवणीला जाऊ.

३/
देवणी हा लातूर जिल्ह्यातील कर्नाटकाच्या सीमेवरचा तालुका. त्याचे नाव देशभर पोहोचले ते गोवंशामुळे. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून गेल्या सुमारे दोनशे वर्षांत बालाघाटाच्या या पट्ट्यात देवणी जात घडली. तिचे तीन प्रकार जाणकार सांगतात: संपूर्ण पांढरा तो बालंक्या, तोंडावर काळी छटा असलेला तो वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवरा. बैल कामाला दणकट, गाय दुधाला बरी. हे कोण्या प्रयोगशाळेने केलेले काम नव्हे. अनाम पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे ते फळ आहे. माळेगावच्या यात्रेत देवणी वळू पाहिलेल्याला या मेहनतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

४/
हा बैल एकटा उभा नव्हता. खरीप आणि रब्बी ज्वारीचा कडबा त्याचा चारा. त्याचे शेण रानाचे खत. त्या खताने काळ्या मातीत सेंद्रिय अंश टिकायचा आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक धरले जायचे. त्या ओलीवर पुढची ज्वारी यायची. धान्य, चारा, जनावर, माती आणि पाणी ही एकाच साखळीची कडी होती. आजच्या भाषेत याला 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात.

५/
मग साखळी तुटली. खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. नगदी पैसा लवकर हाती येतो, शेतकऱ्याने ते का घेऊ नये? पण सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. चारा महागला, दावणीची जनावरे घटली, शेणखत घटले, रासायनिक खताची पोती वाढली, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. आता वहीकडे पाहा. घरच्या बैलांनी घरचे रान नांगरले तर बाजारात कोणताच व्यवहार घडत नाही. ट्रॅक्टरचे भाडे, डिझेल, खताचे पोते, कर्जाचे व्याज या प्रत्येकाची मात्र नोंद होते. साखळी तुटण्याच्या प्रत्येक पायरीवर उलाढाल वाढत गेली.

६/
येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. राष्ट्रीय लेख्यांत कडबा आणि शेणखत यांची किंमत अंदाजाने धरली जाते. संख्याशास्त्रज्ञ इतके आंधळे नाहीत. आक्षेप अधिक खोल आहे. वर्षभरात किती निर्माण झाले ते लिहिले जाते. ज्यातून निर्माण झाले ते किती उरले, हे लिहिले जात नाही. 'सकल' या शब्दाचा अर्थच 'झीज न वजवता' असा आहे. यंत्रांची झीज वजा करून 'निव्वळ' उत्पन्न काढतात. विहिरीची आणि मातीची झीज त्या निव्वळ आकड्यातूनही आजवर वजा झालेली नाही.

७/
गल्ल्यातील रोकड रोज मोजणारा आणि कोठारातील माल कधीच न मोजणारा वाणी किती दिवस दुकान चालवील? माल संपेपर्यंत त्याची वही नफाच दाखवील. लातूरचा माल २०१६ साली संपला.

८/
त्या वर्षी मांजरा धरण कोरडे होते. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लावावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली: १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. मे महिन्यात रेल्वेने या वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल जिल्हा प्रशासनाकडे पाठवले.

९/
ते बिल इतिहासाचे अस्सल साधन आहे. आपण मोडी कागदांसाठी दफ्तरखाने धुंडाळतो. हा कागदही जपून ठेवावा. कारण वाहतूक ही सेवा आहे आणि सेवेची गणती उत्पन्नात होते. विहिरीत पाणी होते तेव्हा लातूरकर ते शेंदून प्यायचा आणि वहीत एक पैसाही चढत नव्हता. विहीर आटली, पाणी शेकडो किलोमीटरवरून आणावे लागले, आणि वहीत कोट्यवधींची सेवा जमा झाली. टँकर, बाटलीबंद पाणी, शेकडो फूट खोल कूपनलिकेचे यंत्र यांचेही असेच. ज्या वहीत संकट जमेच्या बाजूला लिहिले जाते, तिच्या आकड्यावर राज्य कसे चालवावे?

१०/
पाणी गेले कोठे? पाऊस कमी झाला, हे अर्धे उत्तर. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम ४ टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, हा कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांतून वारंवार उद्धृत होणारा हिशेब. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच तुटीच्या खोऱ्यांतील उसावर बंधन घालण्याची शिफारस केली होती. अहवाल कपाटात राहिला आणि मांजरा खोऱ्यात गाळप वाढत गेले. पोत्यात भरून बाहेर गेलेल्या साखरेबरोबर खोऱ्यातील पाणीही बाहेर गेले. साखरेची नोंद झाली. पाण्याची झाली नाही.

११/
यात शेतकऱ्याला आरोपी करण्याचे कारण नाही. उसाला दराची हमी आहे आणि घेणारा कारखाना दाराशी आहे. ज्वारीला, करडईला, तुरीला हमीभाव जाहीर होतो; हमखास खरेदी मात्र होत नाही. व्यवस्थेने ज्या पिकापुढे पायघड्या घातल्या, त्याच पिकाकडे माणूस जाणार. लोभ व्यक्तीचा दिसतो, पण त्याची आखणी धोरणाने केलेली असते.

१२/
आणि निसर्गही आता जुन्या वेळापत्रकाने चालत नाही. रेल्वेने पाणी आणलेल्या त्याच लातूरात सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची सोयाबीनची राने पाण्याखाली गेली. पाच वर्षांत दोन टोके. खचलेले पूल पुन्हा बांधले की त्याचे कंत्राट उत्पन्नात मोजले जाते. काठावरून वाहून गेलेली वीतभर काळी माती कोणत्याच रकान्यात नसते. ती तयार व्हायला शतके लागली होती.

१३/
ही वही आली कोठून? इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा रस येथे वाटावा. भारताचे राष्ट्रीय उत्पन्न प्रथम पद्धतशीरपणे काढले ते दादाभाई नौरोजींनी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या माणसाने. १८६७-७० या काळासाठी त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नावर होणाऱ्या खर्चाशी ते ताडून पाहिले. कैद्याला जेवढे मिळते तेवढेही रयतेला मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा जन्मला तो सत्तेला जाब विचारण्यासाठी. पुढे तोच सत्तेची फुशारकी झाला.

१४/
अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली आपला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल काँग्रेसपुढे ठेवला तेव्हाच बजावले होते की या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडता येणार नाही. मग दुसरे महायुद्ध आले. किती रणगाडे बनवता येतील, किती कर काढता येईल, हे कळण्यासाठी सरकारांना हाच आकडा सोयीचा वाटला, आणि युद्धाची वही शांततेतही चालू राहिली. १९४९ साली भारताने महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. तिचे सदस्य होते व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. परदेशी सल्लागारांत खुद्द कुझनेट्स. म्हणजे इशारा देणारा माणूसच सल्ला द्यायला बसला होता. आपण आकडा घेतला आणि इशारा विसरलो.

१५/
गाडगीळांचे नाव येथे आदरानेच घ्यायचे. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करताना त्याचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा तो प्रयोग म्हणजे त्या काळातली अर्थशास्त्राची फेरमांडणीच होती. प्रवरेला कालव्याचे पाणी होते. तोच साचा पुढे पर्जन्यछायेतल्या मांजरेवर बसवला गेला, आणि सहकाराच्या तत्त्वापेक्षा कारखान्याची चिमणी महत्त्वाची झाली. प्रत्येक क्रांतिकारक विचार एक दिवस सवय होतो. म्हणून तो पुन्हा तपासावा लागतो.

१६/
त्या चिमणीखालची माणसे पाहा. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजले जातात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाईचे श्रम अर्ध्या कोयत्यात, नावाशिवाय. एक दिवस पाळीमुळे काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड. राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणातून आलेला आकडा असा: १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली. साखर उत्पन्नात जमा. शस्त्रक्रियेचे बिलही उत्पन्नात जमा. तिचे शरीर कोणत्या रकान्यात?

१७/
आता आक्षेप. पहिला: 'वाढ नको म्हणणे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. वाढीशिवाय गरिबी हटत नाही.' या आक्षेपात तथ्य आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचे जे चित्र मांडले, त्यातून देश बाहेर आला तो उत्पादन वाढल्यानेच. देवणीला दवाखाना हवा, रस्ता हवा, मुलींसाठी वसतिगृह हवे. त्याला पैसा लागतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: कशाची वाढ, कोणाच्या वाट्याला, आणि काय खर्ची घालून? ज्या वाढीसाठी विहीर गहाण पडते ती गरिबी हटवत नाही. पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज म्हणून लिहून ठेवते.

१८/
दुसरा आक्षेप आपल्याच इतिहासप्रेमी मंडळींतून येतो: 'मग जुने स्वयंपूर्ण गावच बरे होते.' सपशेल चूक. देवणी बैल जिवंत असेपर्यंत धन्याचे वैभव होता. मेल्यावर त्याला ओढून नेणे हे गावगाड्याने ठराविक जातींवर लादलेले काम होते. बैलजोडी ज्याच्या दावणीला असे, तो आधीच जमीनवाला होता. गावच्या पाणवठ्यावर कोणी यायचे हे जात ठरवत होती. महाडला २० मार्च १९२७ रोजी एक ओंजळ पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून 'चक्रीय अर्थव्यवस्था' गाणाऱ्याने आधी त्या चक्राखाली कोण होते ते सांगावे. आपल्याला जुने गाव नको. जुन्या गावाने मातीशी राखलेला हिशेब मात्र हवा, आणि तो समतेच्या पायावर हवा.

१९/
हा विचार परका नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना शेतसारा आणि सावकार यांच्यावर ते थांबले नाहीत. जंगल खात्याने बंद केलेली कुरणे, घटणारी जनावरे, वाहून जाणारा मातीचा कस, हे सारे त्यांनी एकाच हिशेबात मांडले. सरकारने फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजागी ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि पाणी शेतांत मुरवून मग नदीला जाऊ द्यावे, असा उपायही सांगितला. शोषण आणि धूप ही एकाच दुखण्याची दोन अंगे आहेत हे त्यांनी ओळखले होते. जगातील विद्यापीठांना ही जोडणी सुचायला पुढे बराच काळ गेला.

२०/
दुसरे उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यातले अर्थशास्त्र नीट पाहा. शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून ग्रामीण मजुराच्या हाताला काम द्यायचे, आणि त्या कामातून पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती उभी करायची. विषमता, बेकारी आणि पाणी या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर. खडी फोडण्यातच पुष्कळ श्रम वाया गेले, भ्रष्टाचार झाला, हे खरे. तरीही 'काम हा हक्क आहे' हे वाक्य महाराष्ट्राने कायद्यात लिहिले, देशाच्या कायद्याच्या जवळजवळ तीन दशके आधी.

२१/
तिसरे उदाहरण पुरंदरच्या नायगावचे. विलासराव साळुंखे यांनी त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मराठी अर्थविचारातील क्रांतिकारक कलमे म्हणून पाठ व्हावेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर भिजेल इतके. कमाल मर्यादा कुटुंबाला अडीच एकर. उसासारखे बारमाही पीक घ्यायचे नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. या शेवटच्या कलमाने जमिनीची मालकी आणि पाण्याचा हक्क यांची गाठ सोडवली. हिवरे बाजारने पुढे दरवर्षी पावसाचे पाणी मोजून, पिण्याचे आधी बाजूला काढून, उरलेल्यातून पिके ठरवण्याचा शिरस्ता घातला. गावाने आपली वही आपणच लिहिली.

२२/
जगही इकडेच वळते आहे. सामायिक संसाधने लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने निसर्गाच्या लेख्यांची चौकट स्वीकारली. केट रॅवर्थ यांनी २०१७ साली मांडले की अर्थव्यवस्थेला खालून माणसाच्या गरजांची आणि वरून पृथ्वीच्या सहनशक्तीची मर्यादा असावी. नायगावच्या नियमांत या दोन्ही मर्यादा आहेत: माणशी अर्धा एकर ही खालची, ऊस नाही ही वरची. पुस्तक इंग्रजीत आले की आपण टाळ्या वाजवतो; पुरंदरच्या माळावर लिहिले गेले की 'स्थानिक प्रयोग' म्हणून बाजूला ठेवतो. ही सवय सोडावी.

२३/
मग देवणीसाठी मागणे काय? पाच रकाने.
एक: खरिपाआधी आणि रब्बीआधी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तो आकडा बाजारभावाइतकाच गावाला पाठ असावा.
दोन: पाण्याचा वाटा माणशी, भूमिहीनांसह, आणि बाईच्या नावाने स्वतंत्र.
तीन: उसाला जशी हमखास खरेदी, तशी ज्वारी, तूर, करडईला.
चार: कडबा, शेणखत आणि देवणी गोवंश टिकवणाऱ्या शेतकऱ्याला थेट मोबदला. गायरानाचा निर्णय घेताना, त्यावर पोट असलेल्या भूमिहीनांचा शब्द पहिला.
पाच: कोयत्याची मोजणी बंद. प्रत्येक ऊसतोड कामगाराची नोंद त्याच्या वा तिच्या स्वतःच्या नावाने.

२४/
यात अशक्य काय आहे? महसुलाची वही एकेकाळी बांधाबांधापर्यंत पोहोचली होती. शेकड्यांनी कारकून, पाटील, देशमुख राबवून सत्तेने सारा मोजला. सातबाऱ्यावर आजही पिकाची नोंद होते. मोजण्याची यंत्रणा आहे. काय मोजायचे, एवढेच ठरवायचे आहे, आणि तो प्रश्न तज्ज्ञांपुरता नाही. तो राजकीय आहे, म्हणून आपला आहे.

२५/
मित्रहो, शेवटी एक काम. गड मोजून झाले, तोफा मोजून झाल्या. या सुट्टीत गावी गेलात तर घरातील सर्वांत वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारा: आपल्या विहिरीला १९७२ पूर्वी उन्हाळ्यात किती परस पाणी असायचे? दावणीला जनावरे किती होती? त्या विहिरीवर पाणी भरायला कोणाला येऊ दिले जात नव्हते? तिन्ही उत्तरे तारीख घालून लिहून ठेवा. पहिली दोन विकासाच्या वहीतून गळली आहेत, तिसरे आपल्या आठवणींतून. उदगीरचा मुलूख ६० लाखांचा होता हे आपण अडीचशे वर्षे सांगत आलो. त्या मुलखात पाणी किती होते आणि ते कोणाच्या ओंजळीपर्यंत पोहोचत होते, हे सांगणारा इतिहास आता आपल्यालाच लिहायचा आहे.